आमच्या नदीत ट्राउट सोडू नका

मी मोखाड्याचा आणि मला फ्लाय फिशिंगचं वेड आहे. ही दोन्ही वाक्यं एका दमात ऐकली की समोरचा आधी माझ्या चपलांकडे बघतो, मग विचारतो, "म्हणजे ते इंग्रजी सिनेमात असतं ते?" हो, तेच. आपल्या नेहमीच्या गरीला गांडूळ लावतात आणि शिशाचं वजन बांधतात, ते वजन दोरा ओढत नेतं. फ्लायमध्ये गळाला वजनच नसतं. त्याच्यावर पिसं आणि दोरा गुंडाळून त्याचा किडा केलेला असतो. वजन असतं ते दोरीला, म्हणून ती डोक्यावरून आसुडासारखी मागेपुढे फिरवत उलगडावी लागते. माझे किडे गावठी कोंबड्याच्या मानेवरच्या पिसांचे असतात. पिसं फुकट मिळतात, मोबाइलवर व्हिडिओही फुकट आहेत. खर्च झाला तो फक्त काठीला आणि रिळाला.

तर ते व्हिडिओ. सगळ्यात दृश्य एकच: थंड पाणी, गोल दगड, मागे पाइनची झाडं आणि शेवटी हातात ठिपक्याठिपक्यांचा ट्राउट. असले व्हिडिओ शेकड्यानं बघितले की माणसाला आपली नदी कमी वाटायला लागते. गळवाल्या मंडळींच्या ज्या ज्या ग्रुपमध्ये मी आहे, तिथे वर्षातून दोनदा तरी एखादा लिहितोच, की सह्याद्रीतही डोंगर आहेत, तलाव आहेत, ओढे आहेत, जव्हारला तर मिनी महाबळेश्वर म्हणतात, मग इथे ट्राउट का सोडत नाही कोणी? पर्यटन वाढेल, पोरांना गाइडचं काम मिळेल. खाली चाळीस अंगठे.

या चाळीस अंगठ्यांशी माझं भांडण आहे.

ट्राउटपुरतं उत्तर सोपं आहे: मरतील. ट्राउटला साधारण १० ते १८ अंश सेल्सिअस तापमानाचं, प्राणवायूनं भरलेलं, वाहतं पाणी लागतं. जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे. मे महिन्यात आमच्या डोहात पाय घातला तर पाणी अंगाला कोमट लागतं आणि ओढे नुसते दगडांचे झालेले असतात. साहेबाला हे कळत होतं. निलगिरीत ट्राउट आणायचे प्रयत्न १८६० च्या दशकातच सुरू झाले, पण ते नीट रुजायला विसावं शतक उजाडावं लागलं, तेही दोन हजार मीटरच्या वरच्या थंडीत. काश्मीरसाठी १८९९ मध्ये निघालेली अंडी वाटेतच मेली. पुढच्या वर्षी स्कॉटलंडहून आलेली जगली. कुलूत १९०९ मध्ये ट्राउटचं केंद्र उभं राहिलं. म्हणजे आज हिमालयात किंवा मुन्नारला जाऊन ज्या माशाबरोबर आपण 'निसर्गाच्या कुशीत' म्हणून फोटो काढतो, तो साहेबाच्या सामानातून आलेला आहे. साहेबाला घरची आठवण येत होती. त्याला नदीत घरचा मासा हवा होता, तो त्यानं बोटीतून आणला. आठवण समजू शकतो. पण इंद्रधनुषी ट्राउट मूळचा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा आणि तपकिरी ट्राउट युरोपातला. मोखाड्यातल्या माणसाला त्याची आठवण यायचं कारण काय?

बरं, तो मासा नुसता येऊन शांत बसतो असंही नाही. जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी परक्या जातींची एक प्रसिद्ध यादी आयुसीएनच्या तज्ज्ञ गटानं केली आहे. तिच्यात हे दोन्ही ट्राउट आहेत. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा नावाची पर्वतरांग आहे. तिच्या माथ्यावरच्या बहुतेक तलावांत मुळात मासाच नव्हता. बेडूक होते, पिवळ्या पायांचे, पाय ठेवायला जागा नाही इतके. शौकिनांसाठी तिथे आधी खेचरांच्या पाठीवरून आणि पुढे चक्क विमानातून ट्राउट सोडले गेले. त्यांनी बेडकांची पिल्लं खाल्ली. पुढे राष्ट्रीय उद्यानाच्या लोकांनी तलावातलाच ट्राउट जाळी लावून काढायला घेतला, तेव्हा जिथे जिथे तो गेला, तिथे बेडूक परतायला लागले. ज्या सरकारी खात्यांनी मासा वाटला, तसल्याच खात्यांना तो वेचायचा खर्च करावा लागला.

"मग ट्राउट राहू दे, महसीर सोडू. तो तर आपला आहे." हा दुसरा प्रस्ताव. मला ट्राउटपेक्षा याची भीती जास्त वाटते, कारण ट्राउट मरेल आणि महसीर जगेल.

दख्खनच्या महसीराचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. कर्नल साइक्स नावाच्या अधिकाऱ्यानं १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांवर लिहिलं, तेव्हा पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून मिळालेल्या या माशाला त्यानं हे नाव दिलं. साइक्सची मला आवडणारी गोष्ट म्हणजे त्यानं इथल्या कोळ्यांच्या तोंडची नावं उचलली आणि त्यांनाच लॅटिन टोपी घातली: खुद्री, कोलस, मुल्या, सींगटी. आज जगातला कुठलाही मत्स्यशास्त्रज्ञ त्या मळ्याला 'मुल्या'च म्हणतो. तर या महसीराची पैदास १९७० च्या दशकापासून लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात होऊ लागली. चांगलं काम होतं, हेतूही चांगला होता. तिथली पिल्लं देशात ठिकठिकाणी गेली. कावेरीतही गेली.

कावेरीत तिचा स्वतःचा महसीर होता. पाठीला कुबड, नारिंगी पर, वजन ५० किलोच्या पुढे जाऊ शकणारा, जगभरचे गळवाले ज्याच्यासाठी विमानानं यायचे असा. निळसर परांचा आपला लोणावळेकर त्या नदीत सोडला गेला, कारण गळवाल्यांना आणि संवर्धनवाल्यांना दोघांनाही वाटलं, महसीर तो महसीर. गालिबोरे नावाच्या तिथल्या कॅम्पात प्रत्येक पकडलेल्या माशाची नोंद होत असे. १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी पुढे अभ्यासकांनी मांडून पाहिल्या, तर निळे पर वाढत गेलेले आणि नारिंगी पर जवळजवळ दिसेनासे झालेले. कुबडवाल्याला त्याचं नेमकं शास्त्रीय नाव, टॉर रेमादेवी, २०१८ मध्ये मिळालं आणि त्याच वेळी तो 'अतिसंकटग्रस्त' वर्गात गेला. नाव आणि मृत्युपत्र एकाच टपालानं. हे गळवाल्यांच्या वह्यांमुळेच उजेडात आलं, एवढं श्रेय मी आमच्या जमातीला देतो. पण तो मासा तिथे सोडण्याचा हट्टही आमच्याच जमातीचा होता.

म्हणून 'आपला मासा' हे वाक्य कोणी टाकलं की मी विचारतो, कुठल्या नदीचा? वैतरणा आणि गोदावरी दोघी त्र्यंबकच्या डोंगरातल्या. तिथे एका उताराला पडलेला थेंब बंगालच्या उपसागरात जातो, दुसऱ्या उताराला पडलेला अरबी समुद्रात. माणूस तो डोंगर तासाभरात ओलांडतो. मासा ओलांडत नाही. दोन्हीकडच्या माशांची बिऱ्हाडं फार जुन्या काळापासून वेगळी आहेत आणि ती वेगळी आहेत म्हणूनच सह्याद्रीत माशांच्या इतक्या जाती आहेत. 'महाराष्ट्राचा मासा' ही हद्द माशाला माहीत नाही.

आणि सोडासोडीचा हा छंद फक्त शौकिनांचा नाही. धरणात कटला, रोहू, मृगळ सोडतात, ही सगळी गंगेकडची मंडळी. चिलापी १९५२ मध्ये देशात आली, आफ्रिकेतून श्रीलंकामार्गे. तीही त्या १०० च्या यादीत ट्राउटच्या शेजारी बसलेली आहे. आज तुम्ही मुंबईहून येऊन कुठल्याही बॅकवॉटरला गळ टाका, पहिली चिलापीच लागेल. दर पावसाळ्यात कुठे ना कुठे मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रम असतो. पिशवी, हार, चार पाहुणे, फोटो. कुठल्या जातीचं बीज, कुठून आणलं, खाली आधीपासून काय राहतंय, हे विचारणारा माणूस त्या फोटोत कधीच नसतो. मी एकदा विचारलं तर उत्तर मिळालं, "अहो, मासाच आहे, मगर नाही."

आता खाली आधीपासून काय राहतंय ते सांगतो. दगडाला तोंड लावून शेवाळ खरवडणारा मळ्या. मिशांची शिंगटी, जी हाताळताना काटा लागला की रात्रभर ठणकतं. वाम. पिल्लांच्या लालसर घोळक्यावर पहारा करणारी मरळ. संध्याकाळी पाण्याच्या पृष्ठभागावर टिचक्या मारत किडे टिपणारे बोटभर चंदेरी मासे, ज्यांची नावं दर दोन पाड्यांवर बदलतात. माझा पिसांचा किडा हेच चंदेरी मासे घेतात, आणि मोठा, बेडकासारखा बांधला तर मरळही घेते. मरळ असा किडा घेते तेव्हा पाण्यात कोणीतरी दगड मारल्यासारखा आवाज होतो. मला ट्राउट लागत नाही, हे एव्हाना कळलं असेल.

पण या माशांची खरी किंमत माझ्या छंदात नाही. १९९२ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली आणि आमच्या भागाचं नाव देशभर झालं. २०१६ मध्ये मोखाड्याचं नाव पुन्हा त्याच कारणानं पेपरात आलं. २०१५ मध्ये सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत गरोदर बायकांना एक वेळचं जेवण आणि लहान मुलांना अंडी-केळी द्यायचं ठरलं, म्हणजे ताटात प्रथिनं हवीत हे सरकारलाही पटलंय. आमच्याकडे ताटातली ही जागा पिढ्यान् पिढ्या पावसाळ्यानं भरली. दिवाळीनंतर अर्धं गाव वीटभट्टीवर जातं, घरी असतं ते पावसाळ्यात. लावणीच्या दिवसांत कणगीचा तळ दिसायला लागलेला असतो, हातात पैसा नसतो, आणि नेमके तेव्हाच ओहोळातून मासे वर चढतात, खाचरात मुठे निघतात. हे मूठभर मासे नाचणीच्या भाकरीबरोबर खाऊन वाढलेल्या पोरांमधला मी एक आहे. उरलेले चुलीच्या वरच्या फळीवर धुरात वाळायचे आणि भादव्यापर्यंत पुरायचे.

त्या चढणाऱ्या माशांना आम्ही वलगणीचे मासे म्हणतो. गेली काही वर्षं जून लागला की रील फिरतात: वलगणीचे मासे पकडू नका, ते अंड्यावर असतात, एक मादी मारलीत तर हजारो पिल्लं मारलीत. मागे उदास बासरी. जीवशास्त्र बरोबर आहे, त्याबद्दल वाद नाही. मोटारसायकलवर येऊन पोत्यांनी मासे भरून नेणाऱ्यांना सांगा, अवश्य सांगा. पण गुडघाभर ओहोळात टोपली घेऊन उभ्या असलेल्या बाईला हे ज्ञान देणारा माणूस ज्या शहरात राहतो, त्याचा नळ कुठून येतो ते बघा.

वैतरणेवर एकाखाली एक तीन धरणं आहेत. मोडकसागर १९५७ चं. अप्पर वैतरणा १९७० च्या दशकातलं. मधलं, मध्य वैतरणा, २०१४ मध्ये पुरं झालं, आमच्या मोखाडा तालुक्यात, कोचाळ्याजवळ. त्याची उंची १०२ मीटर. त्यातून मुंबईला दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळतं. वलगणीचा मासा पाण्याच्या पहिल्या लोंढ्याबरोबर वर चढतो, अंडी द्यायला. त्याच्यापुढे तीस मजली भिंत उभी आहे. टोपलीतून दहा वर्षांत मरणार नाहीत इतक्या पिढ्या त्या भिंतीपाशी अडल्या, आणि त्यावर बासरीचं रील कोणी केलेलं मला दिसलं नाही. धरणाच्या शेजारच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो, हे तर आता बातमीसुद्धा राहिलेली नाही. पुढचे प्रस्तावही तयार आहेत: वाडा तालुक्यात गारगाईवर ४४० दशलक्ष लिटरचा, जव्हारच्या बाजूला पिंजाळवर ८६५ दशलक्ष लिटरचा. मुंबईनं पाणी पिऊ नये असं माझं म्हणणं नाही, माझी बहीणही तिथेच नळाचं पाणी भरते. पण नदी अडवायची, तिचा मासा संपवायचा, टोपलीवालीला दोषी धरायचं आणि मग रिकाम्या पाण्यात हौसेचा मासा सोडून त्याला 'इको-टुरिझम' म्हणायचं, ही साखळी मला डोळ्यांनी दिसते आणि तिच्या शेवटच्या कडीला माझ्यासारखेच काठीवाले उभे असतात.

आता आमच्याकडच्यांचंही बोलतो, नाहीतर म्हणाल, हा आपलं तेवढं झाकतो. पूर्वी डोहात गेळाची फळं किंवा कुंभ्याची साल कुटून टाकायचे, मासे गुंगून वर यायचे. आता त्या जागी ब्लीचिंग पावडर आली. बॅटरीला इन्व्हर्टर जोडून पाण्यात करंट सोडणारी पोरं आली. जिलेटिनचा स्फोट आला. विष आणि स्फोटकं वापरून मासे मारायला १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. ब्लीचिंग टाकलेल्या डोहात मी नंतर उतरलो आहे. दगडाखाली खेकड्याचं पिल्लूसुद्धा नव्हतं. ही पोरं माझ्या ओळखीची आहेत, माझ्याबरोबर आश्रमशाळेत होती. त्यांच्याशी मी भांडतो, शिव्या खातो. पण त्यांना थांबवायचा अधिकार माझा किंवा ठाण्याहून आलेल्या गळवाल्याचा नाही. तो गावाचा आहे, आणि हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही.

मोखाडा-जव्हार हा पाचव्या अनुसूचीतला भाग आहे. १९९६ चा पेसा कायदा लहान जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन योग्य त्या पातळीवरच्या पंचायतींकडे सोपवतो. २००६ चा वनहक्क कायदा सामूहिक हक्कांत जंगल-चाऱ्याबरोबर मासे आणि पाण्यातल्या इतर उपजांचा हक्क नाव घेऊन देतो. म्हणजे ओढ्यात काय सोडायचं, काय धरायचं, कधी धरायचं नाही, हे ठरवायची जागा कायद्यानं दाखवलेली आहे. मोठी धरणं या चौकटीत बसत नाहीत, तिथे लढाई वेगळी आहे. पण दाभोसाच्या धबधब्याखालचा डोह, सूर्यमाळच्या बाजूचे ओहोळ, पाड्यामागचा बंधारा, ही पाणी बेवारस नाहीत. माझ्या ओळखीचा एक फार्मस्टेवाला गेल्या वर्षी सांगत होता, ओढ्याला छोटा बांध घालून 'कॅच अँड रिलीज'चं पॅकेज काढतो, दोन हजार रुपये माणशी. मी विचारलं, ग्रामसभेला विचारलंस? तो म्हणाला, "मासे पकडून परत सोडणार आहे, कोणाचं काय जातंय?"

जातं. ज्या डोहावर दोन हजारांचं पॅकेज चालतं, तिथे टोपली घेऊन उभी राहणारी बाई पाहुण्यांच्या फोटोत नको असते. आधी तिला सांगतात, त्या बाजूला जा. मग सांगतात, आज नको. मग एक पाटी लागते. ट्राउटबरोबर साहेबाचे परवानेही आले होते, नदीचे वाटून घेतलेले पट्टेही आले होते: या वळणापासून त्या पुलापर्यंत अमक्याचं पाणी. मासा मेला तरी ती पद्धत आमच्या उन्हाळ्यात छान जगेल, तिला १८ अंश लागत नाहीत. आणि पकडून सोडलेला मासा सज्जनपणाचा आणि पकडून खाल्लेला मासा रानटीपणाचा, हे ज्याचं पोट भरलंय त्यानंच ठरवलेलं आहे. मी स्वतः पुष्कळ मासे परत सोडतो, कारण मला पगार आहे.

काठी घेऊन या. मनापासून सांगतो, या. मला एकट्याला फ्लाय टाकायचा कंटाळा आलाय. गाडी लावण्याआधी पाड्यावर विचारा, नदीवर नेणारा पोरगा मिळेल, त्याला त्याच्या दिवसाचे पैसे द्या, आणि डोहाचं ठिकाण नकाशावर टाकू नका. मळ्या, मरळ, चंदेरी लागले आणि तुम्हाला खायचे नसतील तर ओल्या हातानं सोडा. चिलापी लागली तर मात्र कितीही फोटोजेनिक दिसली तरी सोडायची नाही, ती पाड्यावर द्यायची. तिला काटे कमी असतात. हळद, मीठ, तिखट आणि चिंचेचा कोळ लावून तव्यावर टाकली की बरी लागते.